पोटात राहिलेला मॉप: शस्त्रक्रियेनंतर शरीरात विसरलेल्या कापडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून नोकरी करताना माझे कित्येक तास मॉप मोजण्यात गेले. त्या कामाची बाहेर कुणाला फारशी कल्पना नसते. पण कुणाच्या तरी पोटात बोळा राहिल्याची बातमी आली की नातेवाईक, ओळखीपाळखीचे सगळे मला गाठतात. खालच्या प्रश्नांपैकी काही घाबरलेल्या पेशंटनी विचारलेले आहेत, काही चिडलेल्या नातेवाइकांनी आणि शेवटचा एक नुकत्याच थिएटरला लागलेल्या मुलींनी.

लोक ज्याला ‘बोळा’ म्हणतात ते नक्की काय असतं?

बहुतेक वेळा सुती कापड. विरळ विणीच्या जाळीदार कापडाच्या लहान घड्यांना आम्ही गॉज म्हणतो. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला मॉप लागतात, म्हणजे चार-पाच पदरी शिवलेले, हातरुमालापेक्षा मोठे चौकोन. त्यांच्या एका कोपऱ्याला नाडी शिवलेली असते. रक्त टिपायला, आतडी बाजूला सरकवून धरायला, वाहणाऱ्या जागेवर दाब द्यायला ते वापरतात. इंग्रजीत यांना ‘स्पंज’ म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकात सर्जन खरोखरच समुद्रातले स्पंज वापरत. वस्तू बदलली आणि नाव तेच राहिलं. त्यामुळे बातमीत ‘स्पंज राहिला’ असं वाचलं तरी डोळ्यांसमोर फेसाचा तुकडा आणू नका, कापड आणा.

या कापडात एक्स-रेमध्ये दिसणारी पट्टी किंवा धागा विणलेला असतो. त्यात बेरियम सल्फेट असतं. साध्या डोळ्यांना ती निळसर रेघ वाटते, पण एक्स-रेच्या फिल्मवर नागमोडी पांढऱ्या दोरीसारखी उमटते. जखमेवर बाहेरून बांधायच्या ड्रेसिंगच्या गॉजमध्ये ही पट्टी नसते, आणि म्हणूनच ड्रेसिंगचं गॉज उघड्या पोटात कधीही जाऊ द्यायचं नसतं. उलट, पट्टीवालं गॉज ड्रेसिंगला वापरायचं नसतं, कारण मग एक्स-रेत दिसलेली रेघ आतली की बाहेरची, असा घोळ होतो.

एवढी मोठी वस्तू सर्जनला दिसत कशी नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कोरडा, पांढराशुभ्र मॉप असतो. आत जाणारा मॉप तसा राहत नाही. आत टाकण्याआधी बऱ्याचदा तो सलाइनमध्ये भिजवून पिळलेला असतो. मिनिटभरात तो रक्ताने भरतो, त्याचा रंग आसपासच्या मांसासारखा होतो आणि दाबून तो मुठीत मावेल एवढा होतो. हाताला तो आतड्यासारखाच मऊ, ओला आणि गरम लागतो.

त्यात पोट म्हणजे उघडा डबा नाही. यकृताच्या वर आणि मागे, प्लीहेच्या वरच्या बाजूला, आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये आणि ओटीपोटात गर्भाशयाच्या मागे असे खोल कोपरे आहेत. मॉप तिथे ठेवला की आतडी त्यावर घसरतात आणि तो झाकला जातो. जाड माणसाच्या पोटात हे कोपरे आणखी खोल होतात. रक्तस्राव जोरात असेल तर सर्जनचं सगळं लक्ष वाहणाऱ्या रक्तवाहिनीवर असतं, आणि ते तसंच असायला हवं. त्या दोन मिनिटांत हाताला लागेल तिथे पाच-सहा मॉप दाबले जातात. पुढे रक्त थांबल्यावर कोणता कुठे दाबला होता हे आठवावं लागतं. आठवण दगा देते, म्हणून तर मोजणी आहे.

मोजणी कशी करतात?

मॉप आणि गॉज ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांत येतात, सहसा पाचाच्या किंवा दहाच्या. ऑपरेशन सुरू होण्याआधी स्क्रब सिस्टर, म्हणजे निर्जंतुक गाऊन घालून टेबलाशी उभी असलेली, आणि बाहेरून सामान देणारी फ्लोअर सिस्टर असे दोघी मिळून गठ्ठा सोडतात. एकेक मॉप सुटा करून, दोघींनी बघत, मोठ्याने मोजायचा. आकडा लगेच भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. गठ्ठ्यात कमी-जास्त निघाला तर तो अख्खा गठ्ठा थिएटरच्या वापरातून बाजूला काढायचा, एखादा जोडून संख्या पुरी करायची नाही. मध्येच नवा गठ्ठा उघडला तर त्याचा आकडा पुढे लिहायचा. मॉप कधी कापायचा नाही, कारण अर्ध्या मॉपला फळ्यावर जागा नसते.

गर्भाशयासारखा पोकळ अवयव उघडला असेल तर तो शिवण्याआधी एकदा मोजायचं. पोट बंद करायला घेताना परत. त्वचेचे टाके घालताना परत. मध्ये सिस्टर बदलली तर जाणारीने आणि येणारीने मिळून मोजायचं. सुया आणि हत्यारं यांचीही मोजणी असते, पण सगळ्यांत जास्त मागे राहतं ते कापडच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षेची जी तपासणी यादी आणली, तिच्या शेवटच्या टप्प्यात, पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी, हत्यारं, मॉप आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचं सिस्टरने तोंडाने सांगायचं असतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. नुसती कागदावर खूण करायची नाही.

मग मोजणी बरोबर आली तरी मॉप आत कसा राहतो?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडी थांबते.

सर्जन अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या विमा कंपनीकडे 1985 ते 2001 या काळात आलेल्या तक्रारींच्या फायली त्यांनी तपासल्या. 54 पेशंटच्या शरीरात 61 वस्तू राहिल्या होत्या, त्यातल्या 69 टक्के मॉप-गॉज आणि बाकीची हत्यारं. ज्या ऑपरेशनमध्ये मोजणी झाली होती, त्यांतल्या 88 टक्के वेळा शेवटची मोजणी ‘बरोबर’ म्हणून नोंदवलेली होती. म्हणजे फळ्यावर सगळं जुळलं होतं आणि मॉप आत होता.

लोक हे वाचतात आणि म्हणतात, सिस्टरने न मोजताच सही केली. तसंही घडत असेल, मी कुणाची बाजू घेत नाही. पण मोजूनही चूक होते, आणि ती कशी होते हे मला माझ्याच हातून कळलं. एका लांबलेल्या ऑपरेशनमध्ये पोट बंद करायच्या वेळी मी मोजणी केली. फळ्यावर वीस होते, मी वीस मोजले, ‘काउंट बरोबर’ म्हणून सांगितलं. तेवढ्यात माझी ड्यूटी संपली. दुसरी सिस्टर आली आणि तिने त्वचेच्या टाक्यांआधी परत मोजले. तिच्या हातात एकोणीसच आले. पुन्हा मोजले, तरी एकोणीस. सर्जननी आतले टाके सोडले आणि आतड्यांच्या वेटोळ्यात विसावा मॉप मिळाला. किडनी ट्रेमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराच्या ताटलीत, रक्ताने थिजलेला एक मॉप दुमडून पडला होता, त्याची दोन टोकं मला दोन मॉप वाटली होती. मी आळस केला नव्हता. मला वीस हवे होते, म्हणून मला वीस दिसले. त्या पेशंटला काही झालं नाही, पण त्या रात्री मी झोपू शकले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक मॉप पूर्ण उलगडल्याशिवाय मोजणं सोडलं.

चुका याच जातीच्या असतात. नवा गठ्ठा सोडताना दोन मॉप एकमेकांना चिकटलेले राहतात आणि एक म्हणून मोजले जातात. सुरुवातीच्या गठ्ठ्यातच एक जास्त असतो आणि कुणी उलगडून पाहिलेलं नसतं, मग एक आत राहिला तरी शेवटचा आकडा जुळतो. आधीच्या ऑपरेशनचा एखादा मॉप कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी राहतो आणि या ऑपरेशनच्या हिशेबात शिरतो. मोजता मोजता फोन वाजतो, कुणी काहीतरी मागतं आणि परत येऊन चुकीच्या आकड्यापासून मोजणी पुढे सुरू होते. म्हणूनच मोजणी मध्ये तुटली तर पहिल्यापासून करायची असते, आणि मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नसतं.

असं किती वेळा होतं?

विचारता कुणाला यावर आकडा बदलतो. वर सांगितलेल्या अभ्यासाने रुग्णालयात भरती होऊन झालेल्या 8,801 ते 18,760 ऑपरेशनमागे एक असा अंदाज काढला. पण तो तक्रारी आणि विम्याच्या कागदांवरून काढलेला होता, म्हणजे जे उघडकीस आलं तेवढंच त्यात होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने स्वतःच्याच ऑपरेशनचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे 5,500 ऑपरेशनमागे एक वस्तू राहिल्याचं दिसलं, त्यातही मोठा वाटा मॉप-गॉजचा होता. मेयोचा आकडा मला खरेपणाच्या जास्त जवळचा वाटतो, कारण तिथे मुद्दाम शोधलं गेलं. कुणी शोधलंच नाही तर आकडा नेहमीच लहान दिसतो.

एका पेशंटपुरता हा धोका फार थोडा आहे. ऑपरेशन गरजेचं असताना या भीतीने ते टाळणं चुकीचं ठरेल. पण रोज जगभर इतकी ऑपरेशनं होतात की दुर्मिळ गोष्टही कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतेच.

धोका केव्हा जास्त असतो?

तातडीचं ऑपरेशन असेल तेव्हा, आणि ठरलेलं ऑपरेशन मध्येच बदलावं लागलं तेव्हा. गावंडे यांच्या अभ्यासात वस्तू राहिलेल्या पेशंटपैकी 33 टक्क्यांचं ऑपरेशन तातडीचं होतं, तर तशीच ऑपरेशनं झालेल्या पण आत काही न राहिलेल्या पेशंटमध्ये हे प्रमाण 7 टक्के होतं. जाड शरीराचाही धोका त्यात दिसला. माझ्या अनुभवाची भर घालायची तर खूप रक्त जाणं, अनेक सर्जनच्या तुकड्या एकामागोमाग येणं, मध्येच ड्यूटी बदलणं आणि रात्रीची वेळ.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका कमी असतो, कारण एवढ्याशा छिद्रातून मोठा मॉप आत जातच नाही. पण लहान गॉज जातं, आणि राहूही शकतं.

राहिलेल्या कापडाचं शरीर पुढे काय करतं?

सूत शरीरात विरघळत नाही. शरीर त्याच्याशी दोनपैकी एका वाटेने वागतं.

पहिली वाट शांत असते. कापडाभोवती चिकट थर जमतो, मग तंतूंचं कवच तयार होतं आणि आसपासची आतडी त्याला चिकटतात. जंतुसंसर्ग नसेल तर हे गाठोडं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतं. काही पेशंटमध्ये ते दोन-तीन दशकांनी, भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडलेलं आहे.

दुसरी वाट गोंगाटाची. कापडात जंतू वाढतात, भोवती पू होतो, ताप येतो आणि जखम भरत नाही. ही वाट लवकर, बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत कळते. पेशंटला ती अर्थातच जास्त त्रासाची, पण यात निदान लवकर व्हायची शक्यता असते.

यातून पुढे होणारा एक प्रकार ऐकून लोक दचकतात. दाब आणि सूज यामुळे कापड हळूहळू आतड्याची भिंत झिजवतं आणि आतड्याच्या आत शिरतं. कधी जठरात किंवा मूत्राशयातही जातं. आतड्यात शिरलेलं कापड पुढे सरकून आतडं बंद पाडू शकतं, तर क्वचित शौचावाटे बाहेरही पडतं. आतड्यातून त्वचेपर्यंत वाट पडून जखमेतून घाण येऊ लागते, असंही होतं.

वैद्यकात या गाठोड्याला गॉसिपिबोमा म्हणतात. लॅटिनमध्ये गॉसिपियम म्हणजे कापूस, आणि बोमा हा स्वाहिली भाषेतला लपायच्या जागेचा शब्द असल्याचं सांगतात. टेक्स्टिलोमा असंही नाव आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये यातला एखादा शब्द दिसला तर तो नव्या रोगाचा नाही, कापडाचाच आहे.

लक्षणं कोणती?

खास अशी एकही नाही, आणि इथेच घोटाळा होतो. दुखणं, हाताला लागणारी गाठ, येऊन-जाऊन ताप, उलट्या, पोट फुगणं, भूक जाणं, वजन उतरणं, भरून पुन्हा पुन्हा वाहणारी जखम. यातलं प्रत्येक लक्षण दहा दुसऱ्या कारणांनी होतं. ऑपरेशननंतर काही दिवस दुखणं, थोडा ताप येणं हे तर ठरलेलंच. म्हणून एकट्या लक्षणावरून मॉपचा संशय घेऊ नये. पण अपेक्षित काळ उलटून गेल्यावरही त्रास कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा एकच जखम औषधाने बरी होऊन पुन्हा फुटत असेल, तर ‘आत काही राहिलं असेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

बाळंतपणात टाके घातल्यावरही असं होऊ शकतं का?

हो, आणि याबद्दल बायका पुरेसं बोलत नाहीत. साध्या बाळंतपणानंतर टाके घालताना रक्त अडवण्यासाठी योनीमार्गात गॉज किंवा टँपॉन ठेवतात. ते काढायचं राहून जातं. वरच्याच अभ्यासात 22 टक्के पेशंटमध्ये वस्तू योनीमार्गात राहिली होती, म्हणजे पोट आणि ओटीपोटाच्या खालोखाल. बाळंतपणाच्या खोलीत मोजणीची शिस्त थिएटरइतकी कडक नसते, बाळ आलेलं असतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं.

घरी गेल्यावर अंगावरून घाण वास येणारा स्राव, ताप, ओटीपोटात दुखणं असं असेल तर ‘बाळंतिणीला होतंच’ म्हणून सहन करू नका आणि लाजूही नका. आतून तपासायला दोन मिनिटं लागतात. यात पुन्हा ऑपरेशनही लागत नाही, बहुतेक वेळा गॉज हाताने काढता येतं. सासूबाई, आई, नवरा यांनाही माझं हेच सांगणं आहे. बाळंतीण वासाची तक्रार करत असेल तर तिला दवाखान्यात घेऊन जा.

कोणत्या तपासणीत दिसतं?

साध्या एक्स-रेत ती पांढरी पट्टी दिसली तर निदान तिथेच होतं. पण पट्टी चुरगळते, दुमडते, हाडाच्या सावलीवर पडते, आणि बघणाऱ्याला मॉपची कल्पना नसेल तर नजरेतून सुटते. सोनोग्राफीत एक चमकदार वस्तू आणि तिच्या मागे गडद सावली दिसते. सगळ्यांत उपयोगाचा सीटी स्कॅन. त्यात जाड कवचाची गाठ आणि आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची जाळी दिसते. अनुभवी रेडिओलॉजिस्ट ती जाळी ओळखतात.

कोणतीही तपासणी असो, आधी झालेलं ऑपरेशन सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर कागदावर ते बऱ्याचदा नसतंच. वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा, आणि दुसऱ्या गावी झालं असलं तरी सांगा.

एमआरआय केला तर मॉपमधली पट्टी खेचली जाईल का?

नाही. बेरियमची पट्टी चुंबकाला खेचली जात नाही. पण ती एमआरआयमध्ये ओळखूही येत नाही, फक्त गाठ दिसते. हत्यार किंवा सुई राहिल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एमआरआयच्या आधी एक्स-रे करून घ्यावा.

आम्हाला गाठ कॅन्सरची असू शकते असं सांगितलं होतं. ऑपरेशनमध्ये मॉप निघाला. असा गोंधळ होतो का?

होतो. कवच धरलेला मॉप बाहेरून ट्यूमरसारखाच दिसतो. मांडीत, छातीत, स्तनात किंवा पाठीच्या कण्याजवळ सापडला तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे मॉपचा विचार मनात आधी येत नाही. अशा घरातली माणसं दोन प्रकारच्या भावनांमध्ये सापडतात. कॅन्सर नाही म्हणून हायसं वाटतं आणि त्याच क्षणी संतापही येतो. दोन्ही खरं आहे. आनंद झाला म्हणून तक्रार करायचा हक्क जात नाही.

औषधाने विरघळेल का?

नाही.

काही वेळा डॉक्टर मुद्दाम मॉप आत ठेवतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि ती चूक नसते. अपघातात यकृत फाटलं आणि रक्त थांबतच नाही, किंवा बाळंतपणात ओटीपोटातलं रक्त आवरत नाही, तर भोवती मॉप दाबून, पोट तात्पुरतं झाकून पेशंटला अतिदक्षता विभागात नेतात. शरीर गरम करून, रक्त देऊन, सावरायला वेळ दिला की एक ते तीन दिवसांत पुन्हा आत जाऊन मॉप काढतात. यात जीव वाचतो. मात्र किती मॉप ठेवले हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहायला हवं, नातेवाइकांना सांगायला हवं, आणि दुसऱ्या वेळी तेवढेच बाहेर आले का हे तपासायला हवं. दुसरी तुकडी वेगळी असेल तर धोका इथेच असतो. तुमच्या माणसाच्या बाबतीत असं झालं असेल तर ‘किती ठेवले?’ आणि नंतर ‘किती काढले?’ हे दोन आकडे विचारा.

याशिवाय रक्त थांबवण्यासाठी विरघळणाऱ्या जेलसारख्या किंवा जाळीच्या पट्ट्या मुद्दाम आत सोडतात. त्या काही आठवड्यांत शरीर शोषून घेतं. पण सुरुवातीच्या दिवसांत सीटी स्कॅनवर त्या राहिलेल्या मॉपसारख्या दिसू शकतात. म्हणून रिपोर्ट वाचून घाबरण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारा.

सापडला तर काढायलाच हवा का?

जवळपास नेहमी, हो. आज त्रास नसला तरी पुढे आतडं झिजण्याचा, पू होण्याचा धोका राहतो. नुकताच राहिला असेल तर तो काढणं तुलनेने सोपं असतं, कधी दुर्बिणीनेही जमतं. बरीच वर्षं झाली असतील तर आतडी चिकटलेली असतात आणि ती सोडवताना आतड्याचा तुकडा काढावा लागू शकतो. वय खूप असेल, प्रकृती नाजूक असेल आणि गाठ शांत असेल तर काढण्याचा धोका आणि ठेवण्याचा धोका तोलून सर्जन ठरवतात. हा निर्णय घाईने घ्यायचा नाही. शक्यतो पहिल्या ऑपरेशनशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या.

जीव जातो का? क्वचित. अमेरिकेतल्या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेकडे 2005 ते 2012 या काळात शरीरात वस्तू राहिल्याच्या 772 घटना कळवल्या गेल्या, त्यांत 16 मृत्यू होते.

मोजणीत एक कमी आला तर थिएटरमध्ये काय होतं?

सगळं थांबतं, किंवा थांबायला हवं. पेशंटची तब्येत सांभाळून सर्जन पोटात हात घालून कोपरा न् कोपरा चाचपतात. फ्लोअर सिस्टर बादली उपडी करते, चादरींच्या घड्या झटकते, टेबलाखाली बघते, बुटांचे तळवे बघते. बुटाला चिकटून बाहेर गेलेला मॉप मी स्वतः दारापाशी शोधून काढलेला आहे. तरी मिळाला नाही तर टेबलावरच एक्स-रे काढतात. एक्स-रे पूर्ण पोटाचा हवा, वरपासून ओटीपोटाच्या तळापर्यंत, आणि बघणाऱ्याला ‘एक मॉप कमी आहे’ असं स्पष्ट सांगायला हवं. नुसतं ‘पोटाचा एक्स-रे’ लिहून पाठवलं तर तो बघणारा टाके आणि नळ्या बघेल, मॉप शोधणार नाही. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाहीच, असंही धरून चालत नाही.

यावर नवी यंत्रं आली आहेत ना?

आली आहेत. प्रत्येक मॉपवर वेगळा कोड छापतात आणि आत जाताना, बाहेर येताना तो स्कॅन करतात. एकच मॉप दोनदा मोजला तर यंत्र सांगतं. मेयो क्लिनिकने ही पद्धत लावल्यावर 18 महिन्यांत 87,000 हून अधिक ऑपरेशनमध्ये 18 लाखांहून अधिक मॉप-गॉज वापरले गेले आणि एकही आत राहिला नाही. दुसऱ्या पद्धतीत मॉपमध्ये लहानशी चिप शिवतात आणि पेशंटच्या अंगावरून कांडी फिरवली की, आत मॉप राहिला असेल तर, यंत्र आवाज देतं.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. अमेरिकेतल्या सर्जन व्हर्ना गिब्स यांनी ‘नथिंग लेफ्ट बिहाइंड’ या प्रकल्पातून साधी कप्प्यांची पिशवी रूढ केली. पारदर्शक प्लॅस्टिकचे दहा कप्पे, वापरलेला एकेक मॉप एकेका कप्प्यात. एकही कप्पा रिकामा दिसला की मॉप कुठेतरी आहे. डोक्यात आकडा धरायला नको, सर्जनला लांबूनही दिसतं. मला विचाराल तर स्वस्तात एवढा उपयोग करणारी दुसरी वस्तू मी थिएटरमध्ये पाहिली नाही.

चूक कोणाची? सर्जनची की सिस्टरची?

मोजणी सिस्टरची आणि पोट बंद करण्याआधी आत बघणं सर्जनचं. एकाने दुसऱ्याच्या भरवशावर आपलं काम सोडलं की मॉप राहतो. रात्रभर एकाच सिस्टरला दोन थिएटर सांभाळायला लावणारी संस्थाही यात येते, पण तिचं नाव सहसा कुणी घेत नाही. कायद्याच्या दृष्टीने पेशंटला फार सिद्ध करावं लागत नाही, कारण भूल दिलेल्या माणसाच्या पोटात मॉप त्याने स्वतः ठेवलेला नसतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत याला ‘कधीही घडू नये अशी घटना’ या यादीत ठेवलं आहे. अमेरिकेत ऑक्टोबर 2008 पासून अशा चुकीमुळे वाढलेल्या उपचारांचा जास्तीचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना रुग्णालयाला देत नाही.

शंका असेल किंवा मॉप सापडला असेल तर कोणते कागद घ्यावेत?

ऑपरेशनची नोंद, मोजणीचा कागद, भूल दिल्याची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि आधीच्या सगळ्या फिल्म. प्रती लेखी अर्ज करून मागा. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये निघालेली वस्तू पॅथॉलॉजीला पाठवून तिचा लेखी अहवाल घ्या, फोटो मागा. आधी तब्येत, मग भांडण, हा क्रम ठेवा. पण कागद पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

ऑपरेशनआधी पेशंट म्हणून मी काय विचारू?

‘मॉपची मोजणी कोण करतं आणि आकडा जुळला नाही तर तुम्ही काय करता?’ एवढं पुरे. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. ‘आमच्याकडे असं होत नाही’ यापेक्षा ‘आम्ही थांबतो आणि एक्स-रे काढतो’ हे उत्तर मला जास्त आवडेल.

मी थिएटरला नवीन आहे. एक मॉप कमी येतोय, पण सर चिडतात, टाके घालत राहतात. मी काय करू?

आवाज मोठा कर. ‘बहुतेक’, ‘वाटतं’ हे शब्द वापरू नकोस. पहिल्यांदा सर्जनना सांग, त्यांनी ऐकलं नाही तर भूलतज्ज्ञांना सांग, ते पेशंटला झोपलेला ठेवू शकतात. फ्लोअर सिस्टरला इन्चार्जना बोलवायला पाठव. तोवर मोजणीच्या कागदावर ‘बरोबर’ लिहून सही करू नकोस, कुणीही सांगितलं तरी. किती होते, किती मिळाले, कुणाला किती वाजता सांगितलं हे लिही. माझ्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठ सिस्टरने मला सांगायचं वाक्य पाठ करून घेतलं होतं, तेच तुला देते: ‘सर, एक मॉप कमी आहे. मिळेपर्यंत पोट बंद करू नका.’